प्लासिदाच्या रश्श्यावरचा आळ

प्लासिदा चोकेवांकाला राग आला की ती आधी डोक्यावरची टोपी काढून फळीवर ठेवायची. ला पाझच्या बायकांची ती गोल, ताठ टोपी. तिला पिन नाही, दोरी नाही, नुसती मानेच्या तोलावर बसते. पाठीवर बटाट्याचं गाठोडं घेऊन उतार उतरतानाही प्लासिदाची टोपी कधी हलली नाही. पण ती तिनं स्वतः काढली, की शेजारची कांदेवाली आपल्या टोपल्या मागं ओढून घ्यायची आणि समोरचा मोची फाउस्तो, ज्याला सगळे मानानं 'दोन फाउस्तो' म्हणत, तोंडात धरलेले खिळे हातावर काढून ठेवायचा. न जाणो, दचकून एखादा गिळला तर. एकदा कसल्याशा तपासणीला आलेल्या साहेबानं न विचारता तिच्या पातेल्यात बोट बुडवलं. टोपी खाली आली. साहेब तीन जिने एका दमात चढून पळाला. आता ला पाझमध्ये, त्या उंचीवरच्या विरळ हवेत, तीन जिने एका दमात चढायचे म्हणजे काय, हे तिथं राहणाऱ्यालाच ठाऊक. वर पोचल्यावर तो अर्धा तास पायरीवर बसून होता म्हणतात, आणि त्याला कोकाच्या पानांचा चहा नेऊन दिला तो प्लासिदानंच. शिव्या देत दिला, पण दिला.

त्या वर्षी जून महिन्यात टोपी सलग चार दिवस फळीवर राहिली.

बाजारात तिला सगळे मानानं दोन्या प्लासिदा म्हणत. चौतीस वर्षं ती जिन्याखालच्या गाळ्यात एकच पदार्थ विकत आली होती, चाइरो. मेंढीच्या मटणाचा रस्सा, त्यात गहू, गाजर, वाळवलेल्या मटणाचे तुकडे, वरून पुदिना, आणि या सगळ्याचा जीव म्हणजे चुन्यो. पठारावरच्या कडाक्याच्या थंडीत बटाटा उघड्यावर गोठवायचा, पायांनी तुडवून त्याचं पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचा, तो चुन्यो. दिसायला काळा ठिक्कर. पण रश्श्यात शिजून मऊ झाला की असा लागतो, की सासूनं जावयाचे सात गुन्हे माफ करावेत.

प्लासिदा बारा वर्षांची असताना सरोवरकाठच्या गावातून मावशीकडं आली. मावशी बार्तोला म्हणजे साक्षात जमदग्नी. पहिली सहा वर्षं तिनं पोरीला मिठाच्या बरणीला हात लावू दिला नाही. "वाडगी घास," म्हणायची. "लोक वाडग्यात काय टाकून जातात ते बघ. ते कळलं की मीठ आपोआप कळतं." सातव्या वर्षी एक दिवस मावशी तापानं फणफणली आणि प्लासिदानं पहिल्यांदा रश्श्यात मीठ घातलं. दुपारी मावशी शाल गुंडाळून आली, एक घोट घेतला, काही न बोलता परत गेली. दुसऱ्या दिवशी बरणी प्लासिदाच्या बाजूला ठेवलेली होती. कौतुक म्हणायचं तर एवढंच. पुढं एउसेबियोनं लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा तिच्या छातीत एवढं धडधडलं नव्हतं. एउसेबियो मिनीबस चालवायचा. शांत माणूस, बायकोच्या रागावर त्याचा एकच उपाय होता, बस काढून निघून जायचं. तिच्या रागापायी त्या मार्गावरच्या लोकांना दिवसाला दोन फेऱ्या जास्त मिळत. तो वारून नऊ वर्षं झाली होती.

मूलबाळ नाही. पण जुलैच्या सोळा तारखेला कार्मेन मातेचा सण असतो, आणि त्या दिवशी अख्खा बाजार एका पातेल्यातून जेवतो. गाळेवाले, हमाल, मिरवणुकीतले वाजंत्री, पाद्रीबुवा, झाडून सगळे. ते पातेलं कुणाच्या हातचं, हे बाजाराची पंचायत ठरवते. अकरा वर्षं ते प्लासिदाच्या हातचं होतं. माणूस म्हणतो, माझ्यामागं माझं नाव कोण घेईल? प्लासिदाचं नाव जिवंतपणी चारशे माणसं हातात वाडगं घेऊन घेत होती. बाकी जगानं तिला काही दिलं नव्हतं, आणि तिनं मागितलंही नव्हतं.

तिची भाची माबेल परदेशी लोकांना शहर दाखवायचं काम करी. आधी ती त्यांना हटकून मावशीकडं आणायची. पण वर्षभरात एकही परदेशी जिन्याखाली आला नव्हता. माबेल त्यांना घेऊन भाजीच्या रांगेतून लांबचा वळसा मारायची. एका मंगळवारी ती एकटीच सापडली.

"काय गं, माझ्या गाळ्यासमोर गटार फुटलंय का? वळसा घालून जातेस ती?"

"नाही गं मावशी. घाई असते."

"घाई? तुझी ती माणसं दर दहा पावलांवर छातीला हात लावून थांबतात. त्यांना कसली घाई?"

माबेलनं फोन हातात घेतला, परत खिशात घातला, परत काढला. "रागावणार नाहीस ना?"

"मी कधी रागावले?"

समोर दोन फाउस्तोनं तोंडातले खिळे काढून ठेवले.

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी मे महिन्यात कुणी एक प्रवासी ला पाझला येऊन गेला आणि घरी जाऊन त्यानं शहराचं वर्णन लिहिलं. परदेशी लोक निघण्याआधी जिथं वाचतात, तिथं ते सगळ्यात वर होतं. माबेल आपल्या बोलीत करत करत, मधले मधले शब्द गिळत वाचू लागली.

"'हे शहर ढगांत लटकलेलं आहे...'"

"लटकलेलं? आम्ही काय वाळत घातलेले कपडे आहोत?"

"'तारेवरून चालणाऱ्या डब्यातून खाली पाहिलं, तर विटांची घरं अर्धवट सोडलेली दिसतात. इथल्या लोकांना काही पूर्ण करायची सवय नसावी.'"

"पोराचं लग्न ठरलं की वरचा मजला चढतो. आधीच छप्पर घातलं तर सुनेला काय विमानात ठेवायची? पुढं वाच."

"'बाजारात जिन्याखाली एक वृद्धा बसली होती...'"

"वृद्धा!"

"'...तिच्या चेहऱ्यावर हजारो वर्षांचं दुःख गोठलेलं होतं.'"

प्लासिदा क्षणभर विचारात पडली आणि मग उसळली. "मे महिना ना? माझी दाढ सुजली होती! वीस तारखेला उपटली. हजारो वर्षांचं दुःख म्हणे! मग दाढेबरोबर गेलं कसं ते?"

कांदेवाली फिस्सकन हसली आणि लगेच कांदे मोजू लागली.

"'तिनं मला वाडगं दिलं. त्यात काळे दगड तरंगत होते.'"

टोपी फळीवर गेली.

"दगड? माझ्या भावजयीनं पहाटेच्या बर्फात अनवाणी पायांनी तुडवलेला चुन्यो तो!"

"मावशी, पायांचं त्यांना सांगायचं नसतं."

"आणि दगड तरंगतात का गं त्याच्या देशात?"

पुढचं माबेलला वाचवेना. मावशीनं फोनवर बोट आपटलं, तेव्हा तिनं एका दमात संपवून टाकलं. 'त्या रात्री मी मरणाच्या दारात होतो. ओकाऱ्या थांबेनात, डोकं फुटायची वेळ आली. वाचकहो, ला पाझला जरूर जा, पण जिन्याखालच्या म्हातारीच्या रश्श्याला तोंड लावू नका. तिचं मटण नासलेलं असतं.'

प्लासिदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बोलली तेव्हा आवाज वरच्या मजल्यावरच्या फुलवाल्यांपर्यंत गेला. "नाचता येईना अंगण वाकडं! याला चढ चढवेना, तर माझं मटण नासकं? चौतीस वर्षं! या पातेल्यातून बाळंतिणी जेवल्या, म्हातारे शेवटचा घोट माझ्या रश्श्याचा घेऊन गेले..."

"म्हणजे खाऊन गेले?" दोन फाउस्तोनं विचारलं.

"तुझं तोंड शिवून घे, फाउस्तो, दाभण तुझ्याच हातात आहे!"

बाजारातलं गुपित म्हणजे जाळीच्या पिशवीतली मोहरी. बुधवारी दुपारपर्यंत तो मजकूर कागदावर उतरून पंचायतीचे मुख्य दोन सेवेरो यांच्या हातात पोचला होता. पोचवला होता दोन्या एर्मिनियानं. ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला शेंगदाण्याचा रस्सा विकायची, आणि वीस वर्षं तिचा डोळा त्या सणाच्या पातेल्यावर होता. बाई वाईट नव्हती. रस्साही चांगला करायची, अगदी प्लासिदासुद्धा रागात नसली की कबूल करी. पण वाढताना एर्मिनिया, एक थेंबही जास्त जाऊ नये म्हणून, डाव पातेल्याच्या कडेला पुसून घ्यायची. त्या एका पुसण्यानं तिची निम्मी गिऱ्हाइकं तुटली होती.

दोन सेवेरोंनी शनिवारी तीन वाजता, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, पंचायत बोलावली. या वर्षीचं पातेलं कुणाचं, तिथंच ठरणार होतं.

प्लासिदा साक्षीदार गोळा करत सुटली. त्या दिवशी कोण जेवलं होतं? फाउस्तो जेवला होता. कांदेवाली तर बारा महिने जेवत होती. दोन हमाल म्हणाले, आम्ही होतो आणि आम्हाला काही झालं नाही, पण दोन्या प्लासिदा, आम्हाला तर खिळे खाल्ले तरी काही होत नाही, आमची साक्ष काय कामाची? ती त्यांच्यावरही ओरडली. त्या चार दिवसांत रश्श्यात मिरची एवढी पडत होती, की लोक नाक पुसत जेवत आणि एक शब्द काढत नसत.

शुक्रवारी माबेल परत आली. प्लासिदा भिजवलेल्या चुन्योची सालं काढत होती. "परत वाच," ती म्हणाली. "पहिल्यापासून. गिळू नकोस काही."

या वेळी माबेलनं सगळं वाचलं. मंगळवारी वगळलेली एक ओळ त्यात होती. 'विमानात बिअर प्यायलो, सकाळी विमानातून उतरलो, सामान खोलीत टाकलं आणि सरळ बाजार गाठला.'

प्लासिदाचे हात थांबले.

एल आल्तोचा विमानतळ चार हजार मीटरवर. तिथं उतरलेल्या माणसाला शहरातलं शेंबडं पोरही सांगतं, हळू चाल, थोडं खा, एकटा झोप. शेवटचं कशाला ते पोरांना कळत नाही, पण पाठ असतं. पहिल्या दिवशी पोटात जड अन्न गेलं, की सोरोच्ची, म्हणजे उंचीचा त्रास, माणसाला धरून आपटतो.

आणि तिला तो आठवला. लांबलचक, मक्याच्या कणसाच्या केसांसारखे केस, ओठ निळसर. तिला वाटलं, पोर उपाशी आहे. वाडगं भरून दिलं. त्यानं संपवलं. मग तिनं यापा दिला. यापा म्हणजे ठरल्यापेक्षा वरचा एक डाव. जी बाई गिऱ्हाइकाला यापा देत नाही, तिला ला पाझमध्ये बाई म्हणत नाहीत. पुरे झालं असेल तर वाडग्यावर हात ठेवायचा असतो. ते त्या पोराला कोण सांगणार? वाढलेलं टाकू नये, एवढं त्याच्या आईनं शिकवलं असेल. त्यानं संपवलं. तिला वाटलं, अजून भूक आहे. पुन्हा एक डाव. तेही त्यानं संपवलं, घाम पुसत, हसत. मग तिसरा. शेवटी तो उठला तेव्हा खांबाला धरून उठला होता, आणि ती कौतुकानं कांदेवालीला म्हणाली होती, "बघ, असं जेवावं!"

"मावशी? काय झालं?"

"मी त्याला तीन यापा घातले. पहिल्या दिवशी." तिनं हातातला चुन्यो परातीत असा आपटला, की पाणी माबेलच्या तोंडावर उडालं. "शेंबड्या पोराला कळतं ते मला कळू नये? साठीला आले मी! आणि तू! वर्षभर फोनात घेऊन फिरलीस, मला आधी का नाही वाचून दाखवलंस?"

माबेलनं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "हे बघ, उद्या यापाचं नाव काढूच नकोस. त्यानंच लिहिलंय, विमानात बिअर प्यायलो. तेच सांगू. दारुड्या होता म्हटलं की मिटलं."

"माझ्यावरचा खोटा आळ काढायला त्याच्यावर दुसरा घालू?"

"त्यानं घातलाच ना तुझ्यावर?"

"त्याला माहीत नव्हतं. मला माहीत आहे." आणि पुन्हा भडकून, "जा तू! नाहीतर तुलाही वाढीन तीन डाव!"

शनिवारी वरच्या मजल्यावर कार्मेन मातेच्या तसबिरीखाली पंचायत बसली. दोन सेवेरोंनी चष्मा लावून कागद वाचला. 'काळे दगड' आल्यावर चुन्यो विकणाऱ्या बायकांनी असा गलका केला, की त्यांना टेबलावर किल्ल्यांचा जुडगा आपटावा लागला. मग फाउस्तो साक्षीला उठला. "मी त्याच दिवशी जेवलो. मटण ताजं होतं. मी तिला घाबरतो म्हणून सांगत नाही. घाबरतो, पण म्हणून सांगत नाही."

एर्मिनिया शांतपणे उभी राहिली. "मला कुणाचं वाईट बोलायचं नाही. पण माणूस आजारी पडला हे खरं ना? मटण चांगलं होतं, तर तो पडला कशानं?"

माबेल मागून खुणा करत होती, बाटली तोंडाला लावल्यासारखी. प्लासिदानं तिच्याकडं असं पाहिलं, की हात आपोआप खाली आला.

"माझ्यामुळं पडला," प्लासिदा म्हणाली.

मागचे लोक टाचा उंचावून पाहू लागले.

"रश्श्यामुळं नाही! रश्श्याला कुणी नाव ठेवलं तर याद राखा. मटण सकाळचं होतं, मीठ माझ्या हातचं होतं. पोरगं त्या सकाळीच विमानातून उतरलेलं. मी विचारलं नाही, कधी आलास. भरलं वाडगं दिलं आणि वर तीन यापा घातले. तीन! आता हसा."

कुणी हसलं नाही. मग मागून एका म्हाताऱ्या हमालाचा आवाज आला, "मला आयुष्यात तिनं दोनच्या वर दिला नाही." तेव्हा मात्र छप्पर उडेल असा हशा झाला, आणि प्लासिदा त्या हमालाला म्हणाली, "तुझे ओठ कधी निळे पडले का रे मेल्या?"

पंचायतीतली पाच माणसं कोपऱ्यात जाऊन कुजबुजली. दोन सेवेरो परत आले, किल्ल्या उगाच दोनदा वाजवल्या. "रश्श्यात दोष नाही. तेव्हा पातेलं दोन्या प्लासिदाचंच. पण हाताचा दोष तिनं आपल्या तोंडानं सांगितलाय. सणाला बाहेरगावचे पाहुणे येतात, परदेशी येतात. तेव्हा या वर्षी रस्सा ती करेल, आणि वाढेल दोन्या एर्मिनिया. डावाला प्लासिदानं हात लावायचा नाही."

त्यापेक्षा पातेलं काढून घेतलं असतं तर बरं, असं प्लासिदाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "माझ्या रश्श्यात तिचा डाव?" ती एवढंच म्हणाली. एर्मिनियालाही आनंद झाला की अपमान, ते कळेना. तिला पातेलं हवं होतं, दुसरीच्या पातेल्याची चाकरी नव्हे. दोघी दोन जिन्यांनी खाली उतरल्या.

सोळा जुलैला बँड वाजला, मातेची पालखी फिरली, पाद्रीबुवांनी पातेल्यावर पाणी शिंपडलं, आणि रांग लागली. प्लासिदा पातेल्यामागं हाताची घडी घालून उभी. एर्मिनिया वाढू लागली. डाव भरायची, कडेला पुसायची, वाडग्यात ओतायची. प्रत्येक पुसण्याला प्लासिदाचे दात करकरत होते. माबेलबरोबर चार परदेशी आले. एर्मिनियानं त्यांना अर्धा अर्धा डाव दिला. प्लासिदानं डोळे मिटून घेतले. पण नव्या माणसाला तेवढंच बरोबर होतं.

रांग संपली. पातेल्यात पाहिलं तर पाव हिस्सा रस्सा शिल्लक.

अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. सणाचं पातेलं रिकामं न करता घरी न्यायचं म्हणजे लोकांनी जेवण नाकारल्यासारखं. एर्मिनियाचाही चेहरा उतरला. "पुरावं म्हणून जपून वाढलं मी," ती पुटपुटली.

"जपून?" प्लासिदाचा आवाज चढला. "तू रस्सा वाढलास की औषध दिलंस गं?" मग ती एका खोक्यावर चढली आणि चौकाकडं तोंड करून गरजली, "ए! कुठं चाललात तोंडं पुसत? इथं जन्मलात ना सगळे? तुम्हाला कसली सोरोच्ची होणार आहे! परत या! फाउस्तो, वाडगं आण. हमालांनो, तुम्हीपण. दोन सेवेरो, तुम्ही आधी. डाव माझ्या हातात नाही, पण ती देईल. दे गं! पुसू नकोस!"

रांग पुन्हा लागली, पहिलीपेक्षा लांब. एर्मिनियाचा हात पहिल्यांदा अडखळला, मग सैल सुटला. डाव काठोकाठ भरून जाऊ लागला. माबेलचा एक परदेशी रांगेत शिरला, तेव्हा दोघी एकदमच ओरडल्या, "तू नाही! परवा ये!" माबेलनं त्याला बाजूला ओढलं.

शेवटी एर्मिनिया पातेलं कलतं करून तळ खरवडू लागली. निघालं ते अर्धं वाडगं. ते कुणाला द्यावं म्हणून तिनं इकडं तिकडं पाहिलं, आणि मग स्वतःच उभ्यानं पिऊन टाकलं.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली.

"वीस वर्षं एकाच बाजारात बसलीस, आज कळलं तुला?" प्लासिदा फणकारली, आणि पातेल्याचा एक कान धरून म्हणाली, "तो दुसरा धर. घासायचंय."